स्टुडंट गिटारला भंगारात काढू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातल्या जुन्या घरांत पडून असलेल्या वाद्यांवर लेख आला होता. वाचून बरं वाटलं, पियानो आला, व्हायोलिन आलं, घुमट आलं, सगळं आलं, पण मध्येच एका वाक्यात असं छापलंय की बोटीवरच्या लोकांनी त्या काळी ज्या इलेक्ट्रिक गिटारी आणल्या त्या बहुतेक 'स्टुडंट मॉडेल' होत्या, म्हणजे शिकाऊ पोरांसाठी काढलेल्या स्वस्तातल्या, त्यामुळे आज त्यांना काही किंमत नाही. माझा चहा तिथंच थंड झाला. कारण अगदी हेच वाक्य दोन महिन्यांपूर्वी एका गृहस्थांनी माझ्या बलकावात, म्हणजे घरापुढच्या सोप्यावर, बसून मला ऐकवलं होतं, "काका, स्टुडंट मॉडेल आहे हो ही, ह्याला काय व्हॅल्यू नसते, पाच हजार देतो, घरातली जागा तरी मोकळी होईल." गृहस्थ जुन्या वस्तूंचा धंदा करतात, नाव लिहीत नाही. पण पाच हजार म्हणताना त्यांची नजर गिटारवरून हलत नव्हती, त्यावरून काय ते मी समजलो.

ती गिटार म्हणजे फेंडर कंपनीची मस्टँग. लाल रंग, पुढचं प्लास्टिक पांढरं, मोत्यासारखी झाक असलेलं. माझ्याकडे ती आली १९७६ साली, मी तेव्हा तेरा वर्षांचा. आमच्या घरी भजन, वडील पेटी वाजवायचे, गिटार बिटार आमच्यात कोणी हातात धरलेली नव्हती. पण शेजारी एक तारवटी अंकल होते, आयुष्य बोटीवर गेलेलं, कुठल्यातरी बंदरात त्यांनी ही सेकंडहँड घेतली होती आणि पुढं संधिवातानं बोटं आखडली. एक दिवस कुंपणावरून गिटार तिच्या पेटीसकट माझ्या हातात दिली, "घे रे पुता, म्हजीं बोटां आतां चलनात." आई म्हणाली परत देऊन ये, वडील म्हणाले राहू दे, वाद्य आहे. झालं.

आता स्टुडंट गिटार ही काय भानगड ते सांगतो, कारण लेखात सगळा घोळ तिथंच झालाय.

लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्यानं रेडिओ रिपेअरचं दुकान टाकलं. ह्या माणसाला शेवटपर्यंत गिटार वाजवता येत नव्हती, हे मला फार आवडतं. १९५० च्या सुमारास त्यानं पोकळ नसलेली, सरळ फळीची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, १९५४ ला त्याचीच स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आली, आणि मग अमेरिकेत पोराटोरांना गिटारचं असं वेड लागलं की कंपन्यांना कळलं, गिऱ्हाईक आता बँडवाला राहिलेला नाही, गिऱ्हाईक शाळेत जातंय. गिब्सन ह्या दुसऱ्या गिटार कंपनीनं १९५४ ला लेस पॉल ज्युनियर काढली, एक पिकअप (तारांखाली बसवलेलं चुंबक आणि कॉइल, तारेचं हलणं विजेत बदलतं ते), सपाट बॉडी, नक्षीबिक्षी काही नाही. फेंडरनं १९५६ ला दोन काढल्या, एका पिकअपची म्युझिकमास्टर आणि दोन पिकअपची ड्युओसॉनिक. गिब्सनची मेलडी मेकर १९५९ ला. आणि न्यू जर्सीत नेथन डॅनियल म्हणून एक अवलिया होता, डॅनेलेक्ट्रोवाला, तो तर हार्डबोर्डच्या गिटारी करायचा आणि पिकअपला कव्हर म्हणून लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरायचा, खोटं सांगत नाही. त्यानं सिअर्स ह्या अमेरिकन दुकानवाल्या कंपनीसाठी केलेल्या एका मॉडेलात तर गिटारच्या पेटीतच अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) आणि स्पीकर बसवलेला, १९६२ ची गोष्ट, पोरानं पेटी उघडायची, वायर लावायची आणि सुरू. स्वस्त होतं का? होतंच. पण त्यात डोकं किती लावलं होतं बघा. पुढं जिमी पेजसारख्या नावाजलेल्या रॉक गिटारवाल्यानं स्टेजवर डॅनेलेक्ट्रो वाजवली, त्याला काय महागाची परवडत नव्हती?

तर मस्टँग आली १९६४ ला. लाल, पांढरी आणि निळी, सुरुवातीला एवढेच तीन रंग. आणि तिच्यातली खरी गोष्ट किमतीची नाहीच, ती आहे लांबीची. नटपासून, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवरच्या आधारापर्यंत, तारेची जी मोकळी लांबी असते तिला स्केल म्हणतात, फेंडरच्या मोठ्या गिटारींना ती साडेपंचवीस इंच. मस्टँग मिळायची दोन मापांत, २४ इंच आणि साडेबावीस इंच. आता कोणी म्हणेल दीड इंचानं काय फरक पडतो. मी परवा स्टीलची पट्टी घेऊन बसलो आणि मोजलं. माझी २४ इंची, तिच्या नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ १२६ मिलिमीटर. पुतण्याची साडेपंचवीस इंची कॉपी, म्हणजे मोठ्या गिटारीची नक्कल, घेतली, तिथं तेच अंतर १३३ च्या वर, १३४ ला टेकलेलं. साडेबावीस इंची माझ्याकडे नाही पण हिशेब सरळ आहे, ते येतं ११८. म्हणजे पहिल्या चार फ्रेटांवर चार बोटं ठेवायची तर मोठ्या आणि छोट्या गिटारमध्ये दीड सेंटिमीटरहून जास्त फरक, नऊ वर्षांच्या पोराच्या करंगळीला हा दीड सेंटिमीटर म्हणजे मांडवीचा पूल. आणि दुसरं, तीच तार त्याच स्वराला लावली की लांबी कमी तसा ताण कमी, तोही लांबीच्या वर्गाच्या हिशेबानं, म्हणजे २४ इंचाला ताण ११ टक्क्यांच्या आसपास कमी आणि साडेबावीसला तब्बल २२ टक्के. बोट दुखत नाही, तार सहज वाकते, एफची कॉर्ड, म्हणजे शिकणाऱ्याला जड जाणारी स्वरांची जुळणी, लागते. एफ कॉर्डपाशी किती पोरांनी गिटार सोडलीय ते क्लासवाल्यांना विचारा.

आणि हे माप कमीपणाचं नव्हतं ह्याचा पुरावा तर फेंडरच्याच कॅटलॉगात आहे. १९६२ साली त्यांनी जॅग्वार काढली, त्यांची तेव्हाची सगळ्यात वरची, सगळ्यात महागडी गिटार, तिचं स्केल पण २४ इंचच. वरच्या मॉडेलला २४ इंच ठेवलं की ती सुविधा आणि खालच्याला ठेवलं की ते खेळणं, असं कसं चालेल?

आता तिचे स्विच. हे मला कोणी शिकवलं नाही, मी वर्षभर उगाच हलवत बसायचो. दोन पिकअप, तिरके बसवलेले, वरून बंद प्लास्टिकचं कव्हर, लोहचुंबकाचे खिळे दिसतच नाहीत. प्रत्येक पिकअपला वरच्या अंगाला एक सरकता स्विच, तीन जागांचा. मधोमध ठेवला की बंद, एका बाजूला सरकवला की चालू, दुसऱ्या बाजूला सरकवला तरी चालूच. मला वाटायचं हा काय मूर्खपणा, दोन्हीकडे चालू कशाला? एकच पिकअप लावून ऐकलं तर काही फरक पण कळत नाही. मग एकदा दोन्ही चालू होते आणि त्यातला एक चुकून उलट्या बाजूला गेला आणि आवाज एकदम बदलला, जाडी सगळी गेली, नाकातून बोलल्यासारखा बारीक किरटा आवाज यायला लागला. मला वाटलं मोडली. धावत गेलो बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे.

त्या माणसानं गिटार आयुष्यात उघडली नव्हती. प्लास्टिक काढलं, आत बघितलं आणि हसायला लागला, "अरे दोन कॉइल, दोन पॉट, एक कंडेन्सर, ह्यात आहे काय? तुझा एक कॉइल उलटा जोडला जातोय." मग त्यानं समजावलं ते आजपर्यंत डोक्यात आहे. दोन्ही पिकअप एकच तार ऐकतात, एकाची वायर उलटी झाली की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, जे दोघांत सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि जाड खर्जाचा भाग दोघांत जवळपास सारखाच असतो म्हणून तो जातो आणि वरचं किरकिरं उरतं. दोघांनी एकाच पेटीचा भाता उलटसुलट ओढला तर काय होईल, तसं. फेजचा खेळ. आता सांगा, शिकाऊ पोरासाठीच्या गिटारीत हे दिलेलं, स्ट्रॅटोकास्टरमध्ये तेव्हा अशी सोय नव्हती.

तेव्हापासून मला वाटतं की लिओ फेंडरला समजून घ्यायचा असेल तर गिटारवाल्याकडे नाही, रेडिओवाल्याकडे जावं.

आमचं अ‍ॅम्पचं प्रकरण तर त्याहून भारी. अंकलनी सोबत छोटा अ‍ॅम्प पण दिला होता, फेंडरचाच चॅम्प, आठ इंची स्पीकर, पाच-सहा वॅटचा, तोही शिकणाऱ्यांसाठीच. अमेरिकेतला, म्हणजे तिथल्या ११० च्या आसपासच्या व्होल्टेजचा. आमच्याकडे २३०. अंकलकडे मधला ट्रान्सफॉर्मर होता तो त्यांनी द्यायचा राहिला आणि मी सरळ भिंतीत घातला. आधी गुणगुण, मग वास, मग धूर, आणि आजी आतून ओरडली की देवघरात काय जळतंय बघा. अ‍ॅम्प गेला. पुढची तीन वर्षं मी गिटार घरच्या वाल्वच्या रेडिओला लावून वाजवली, जुन्या रेडिओला मागच्या बाजूला ग्रामोफोनसाठी भोकं असायची, आठवत असेल कोणाला तर, त्यात वायर खुपसायची. आवाज असा काही सुंदर फुटायचा की आज पोरं त्यासाठी हजारो रुपयांचे पेडल घेतात. फक्त सात वाजता बातम्या लागल्या की माझा रियाज बंद.

उगाच कौतुक करत नाही, खोडीही लिहितो. मस्टँगचा ब्रिज जागेवर घट्ट नसतो, दोन पायांवर उभा असतो आणि तारांबरोबर मागंपुढं डुलतो, तो तसा मुद्दाम केलाय, कारण मागं जो व्हायब्रेटो आहे, म्हणजे दांडा दाबला की स्वर लचकतो ते यंत्र, त्याच्या दांड्यावर तारा अडकवलेल्या असतात आणि तो फिरतो. फार हलक्या हातानं चालतं, नुसत्या करंगळीनं. पण नीट बसवलेलं नसेल तर सूर जाग्यावर येत नाही आणि माणूस रडकुंडीला येतो. स्विच पण अशा जागी आहेत की जोरात वाजवताना हात लागतो. आणि सिंगल कॉइल पिकअप, ट्यूबलाइटजवळ बसलात तर गुणगुणणार.

पावसाळ्यात आणखी एक. आपल्याकडची जून ते सप्टेंबर हवा म्हणजे लाकडाला रोज आंघोळ. एका वर्षी नेक, म्हणजे गिटारची मान, असा वाकला की तारा बोटभर वर. आत ट्रस रॉड असतो, लोखंडी सळी, ती पिळून नेक सरळ करायचा, पण ह्या जुन्या फेंडरमध्ये तिचं टोक बॉडीच्या आत दडलेलं असतं, म्हणजे मागचे चार स्क्रू काढून नेक सोडवावाच लागतो. सोडवला, आणि नेकच्या बुडाशी शिक्का दिसला, एक आकडा, मे ६५, आणि पुढं बी. तोपर्यंत मला गिटारचं वय माहीतच नव्हतं. बी म्हणजे नेकची रुंदी, ए सगळ्यात अरुंद, बी नेहमीची, मग सी आणि डी. मे ६५ म्हणजे तिचा तो नेक तयार झाला तेव्हा गोवा मुक्त होऊन साडेतीन वर्षं झाली होती. आणि लिओ फेंडरनं कंपनी सीबीएस ह्या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीला विकून चार महिने, जानेवारी १९६५, किंमत एक कोटी तीस लाख डॉलर. गोळा करणारे लोक त्या जानेवारीच्या अलीकडच्या गिटारींना डोक्यावर घेतात आणि पलीकडच्यांना नाक मुरडतात. आपल्याकडे नाही का, तेच कपाट पण 'पोर्तुगालांच्या वेळचं' म्हटलं की भाव दुप्पट. माझी चार महिन्यांनी चुकली, असू दे, माझे कान तारीख बघत नाहीत.

किंमत नाही म्हणणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स, त्याचं नाव व्हायच्या आधी, दुसऱ्यांच्या बँडमध्ये मागं उभा राहून वाजवायचा तेव्हा त्याच्या गळ्यात ड्युओसॉनिक होती, स्टुडंट मॉडेल. आणि निर्वाणा ह्या अमेरिकन रॉक बँडच्या कर्ट कोबेननं १९९१ च्या त्या गाजलेल्या व्हिडिओत जी निळी पट्टेवाली गिटार वाजवलीय ती १९६९ ची मस्टँग. ती २०२२ साली लिलावात ४५ लाख डॉलरच्या वर गेली. स्टुडंट मॉडेल! आता ती कोबेनची म्हणून गेली, माझी काय जाणार नाही, एवढी अक्कल मला आहे. मस्टँग १९८२ ला बंद झाली होती, पण अशा पोरांनी गहाणवटीच्या दुकानांतनं स्वस्तात उचलून वाजवल्या म्हणून कंपनीला १९९० मध्ये जपानमध्ये परत काढाव्या लागल्या.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. माझी नात नऊ वर्षांची, गेल्या जूनमध्ये क्लासला घातली. क्लासमधनं सांगितलं मोठी गिटार घ्या, मूल वाढतंय, परत परत खर्च नको. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. घेतली, साडेपंचवीस इंची कॉपी, तारा वर, फ्रेटांच्या कडा बोटाला लागणाऱ्या. तीन महिन्यांत पोरगी म्हणायला लागली पोटात दुखतं, क्लासच्या दिवशीच दुखायचं. पायाला मोठे बूट घालून पोराला पळायला लावायचं आणि वर म्हणायचं ह्याला पळायची आवड नाही, हा तोच प्रकार. मी काही बोललो नाही, दिवाळीच्या सुट्टीत मस्टँग काढली, बारीक तारा लावल्या, तारा खाली घेतल्या आणि तिच्या मांडीवर ठेवली. अर्ध्या तासानं आतून हाक आली, "आजोबा, ह्याच्यात एफ लागतो!" आता पोट दुखत नाही.

१९५६ साली फुलर्टनमध्ये ज्यांनी साडेबावीस इंचाचा विचार केला त्यांना हे कळलं होतं, आणि आपण आज इंटरनेटवर सगळं बघून पण मुलाच्या हाताचं माप घेत नाही. दुकानात शॉर्ट स्केल मागितली तर पोरगा विचारतो, लहान मुलांची खेळण्यातली का?

अजून एक सांगतो आणि थांबतो. माझ्या ओळखीत म्हापशाकडे एका घरी अशीच जुनी मस्टँग होती, पांढरी, पुढचं प्लास्टिक लाल कासवाच्या पाठीसारखं. रंग पिवळा पडला होता, बारीक चिरा गेल्या होत्या. मुलानं वडिलांना सरप्राइज म्हणून गाड्या रंगवतात त्या गॅरेजात नेऊन चकचकीत काळी करून आणली, पिकअप पण 'नवे जोरदार' घातले, जुने फेकून दिले. वडील बिचारे छान छान म्हणाले. मूळ रंग गेला की गोळा करणारे किंमत जवळजवळ निम्म्यावर आणतात ते एक वेळ सोडा, पण ते पिकअप कचऱ्यात गेले ते मला अजून सलतं. ज्यांच्या घरी माळ्यावर अशी गिटार असेल त्यांनी एवढंच करावं, रंगवू नका, आतलं काही फेकू नका, तारा ढिल्या करून कोरड्या जागी ठेवा, स्विच अडकले असतील तर ते बहुतेक खाऱ्या हवेनं धरलेले असतात, इलेक्ट्रॉनिकवाल्याकडं कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, दोन फवारे मारून वीसेक वेळा सरकवा, बोलायला लागतील. आणि कोणी बलकावात बसून पाच हजार म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

संपादक महाशय, लेखातल्या 'काही किंमत नाही' ह्या शब्दांची दुरुस्ती पुढच्या रविवारी चार ओळींत का होईना, छापावी ही विनंती.

आपला,
फोंड्याचा एक जुना वाचक

ता. क. माझ्या मस्टँगचा व्हायब्रेटोचा दांडा नव्वदच्या आसपास एका ब्रास बँडवाल्या मित्राच्या घरी राहिला तो राहिलाच, मित्रही आता नाही. छोट्या स्क्रूनं आवळतात तो, वीतभर लांब, जरा वाकलेला, टोकाला टोपी असलेला स्टीलचा दांडा. कशाचा म्हणून कळत नाही असा काही कोणाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर टाकू नका, मी येऊन घेऊन जाईन.